खिडकीचा कोपरा कुणाचा?

लिनक्स चालणाऱ्या एखाद्या संगणकावर चार अ‍ॅप्स शेजारी-शेजारी उघडून पाहा. फाइल मॅनेजर, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि गप्पांचं एखादं अ‍ॅप. ग्नोम डेस्कटॉप असेल तर पहिल्या खिडकीचे चारही कोपरे छान गोल दिसतील. दुसरीचे वरचे दोन गोल आणि खालचे दोन काटकोनी. तिसरीचंही साधारण तसंच, पण वरची पट्टी निराळीच. चौथीचे बहुधा चारही कोपरे चौकोनी, आणि खिडकीखाली जी सावली पडायला हवी तीही गायब. बंद करायची फुली एकीकडे वर्तुळात बसलेली, दुसरीकडे नुसतीच, तिसरीकडे भलत्याच आकाराची. लग्नाच्या मांडवात चार घरांतून मागून आणलेल्या खुर्च्या मांडाव्यात, तसा हा पडदा दिसतो.

आता कोपऱ्यांवर लेख लिहायचा का, असं कुणी विचारेल. विषय क्षुल्लक दिसतो हे खरं. पण गेली वीसेक वर्षं लिनक्सच्या जगात याच विषयावरून भांडणं झाली आहेत, जाहीर पत्रं निघाली आहेत, लोकांनी वेगळ्या चुली मांडल्या आहेत. दहा-पंधरा पिक्सेलच्या गोलाईवरून एवढं रामायण घडत नसतं. वाद खरंतर मालकीचा आहे. खिडकीची चौकट कुणाची? आत चालणाऱ्या अ‍ॅपची, की सगळ्या खिडक्या मांडणाऱ्या डेस्कटॉपची? माझं मत आधीच सांगून टाकतो. चौकट डेस्कटॉपची असावी आणि आतली जागा अ‍ॅपची. हे मत ग्नोमच्या अनेक मंडळींना मान्य नाही, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्याकडे येतोच.

गोल कोपऱ्यांचं वेड लिनक्सवाल्यांनी काढलेलं नाही. १९८१ साली अ‍ॅपलमध्ये बिल अ‍ॅटकिन्सन पडद्यावर आकृत्या काढणारी प्रणाली लिहीत होते. वर्तुळं झटपट काढण्याची एक युक्ती त्यांना सापडली होती. स्टीव्ह जॉब्ज यांनी ती पाहिली आणि लगेच विचारलं, गोल कोपऱ्यांचे आयत काढता येतील का? अ‍ॅटकिन्सन यांना ते अवघडही वाटलं आणि अनावश्यकही. मग जॉब्ज यांनी त्यांना खोलीतल्या वस्तू दाखवल्या, बाहेर रस्त्यावर नेलं आणि गोल कोपऱ्यांची ‘नो पार्किंग’ची पाटी दाखवली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटकिन्सन गोल कोपरे घेऊन हजर. सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

युनिक्सच्या घराण्यात हे यायला वेळ लागला. १९८९ साली एक्स विंडो प्रणालीला ‘शेप’ नावाची जोड मिळाली आणि चौकोन सोडून इतर आकारांच्या खिडक्या शक्य झाल्या. गोल घड्याळ आणि माउसच्या मागे फिरणारे दोन डोळे हे त्यातले प्रसिद्ध नमुने. पण शेपला एवढंच कळायचं की हा पिक्सेल आत आहे की बाहेर. मधलं काही नाही. त्यामुळे गोलाई जवळून पाहिली की जिन्याच्या पायऱ्या दिसायच्या. २००४ साली एक्स.ऑर्ग ६.८ सोबत कंपोझिट आलं, म्हणजे सगळ्या खिडक्यांची चित्रं गोळा करून पडदा एकत्र रंगवण्याची सोय झाली. मग अर्धपारदर्शक कडा आल्या, सावल्या आल्या, आणि गोल कोपरा तांत्रिकदृष्ट्या किरकोळ गोष्ट झाली. पुढचा घोळ माणसांचा आहे.

चौकट काढण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत अ‍ॅप फक्त आतला मजकूर रंगवतं. वरची पट्टी, नाव, फुली, कडा हे सगळं विंडो मॅनेजर बाहेरून चढवतो. तसबिरीच्या दुकानात चित्र द्यावं आणि दुकानदाराने सगळ्यांना एकाच पट्टीची फ्रेम घालून द्यावी, तसं. नव्या रीतीत अ‍ॅप आपली फ्रेम स्वतःच रंगवून आणतं, कोपरे कापून, सावलीसकट. ग्नोमने २०१३ साली जीटीके ३.१० मध्ये ‘हेडरबार’ आणला तेव्हापासून ही दुसरी रीत फोफावली. टायटल बारमध्येच बटणं, शोध आणि मेनू बसवले. छोट्या लॅपटॉपवर उभी जागा वाचली, हे नाकारता येत नाही. पण प्रत्येक अ‍ॅपने आपली फ्रेम आपणच आणायची म्हटल्यावर, ज्यांनी ती जीटीकेच्या नव्या आवृत्तीत बनवली त्यांची एका तऱ्हेची, जुन्या आवृत्तीत बनवली त्यांची दुसऱ्या तऱ्हेची, क्यूटीवाल्यांची तिसरी, आणि ब्राउझरच्या पोटातून निघालेल्या इलेक्ट्रॉन अ‍ॅप्सची तर कसलीच खात्री नाही, असं झालं.

गंमत नावात आहे. ग्नोमच्या थीमचं नाव ‘अद्वैत’. आपल्याच शब्दकोशातला शब्द. २०२१च्या शेवटच्या दिवशी त्याच नावाची ‘लिबअद्वैत’ ही लायब्ररी १.० झाली आणि २०२२च्या ग्नोम ४२ पासून मुख्य अ‍ॅप्स तिच्यावर जाऊ लागली. या अ‍ॅप्सचे चारही कोपरे गोल. जुन्या जीटीके ३च्या अ‍ॅप्सचे मात्र वरचेच दोन. म्हणजे ज्या दिवशी अद्वैत आलं, त्याच दिवशी एका घरात दोन जाती झाल्या. वर लिबअद्वैतची अ‍ॅप्स वापरकर्त्याने निवडलेली थीम सहसा जुमानतच नाहीत. ती फक्त स्वतःसारखीच दिसतात.

याआधीची भांडणंही आठवावीत. २००२ साली रेड हॅट लिनक्स ८.० मध्ये ब्लूकर्व नावाची थीम आली. ग्नोम आणि केडीई हे दोन प्रतिस्पर्धी डेस्कटॉप एकसारखे दिसावेत, एवढाच तिचा हेतू. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने याहून शहाणी कल्पना कुठली? पण केडीईच्या लोकांना वाटलं, आपली ओळख पुसली जातेय. रेड हॅटमध्ये केडीईचं काम पाहणाऱ्या एका डेव्हलपरने नोकरी सोडली. २०१० साली उबुंटूने खिडकीची बटणं उजवीकडून डावीकडे नेली. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा मार्क शटलवर्थ यांनी स्पष्ट सांगितलं की डिझाइनचे निर्णय मतदानाने होत नसतात. २०१७ साली उबुंटू ग्नोमवर परतलं आणि बटणं गुपचूप उजवीकडे आली. सात वर्षं ज्यांच्या हाताला डावीकडची सवय लागली, त्यांना कुणी विचारलं नाही. आधीही विचारलं नव्हतं.

लिनक्स मिंटने वेगळी वाट धरली. २०१६ साली त्यांनी ‘एक्स-अ‍ॅप्स’ काढली. ग्नोमचाच एडिटर, चित्रं पाहायचं अ‍ॅप, पीडीएफ वाचायचं अ‍ॅप, पण साधी टायटल बार आणि साधा मेनू ठेवून. २०२४च्या मिंट २२ मध्ये तर त्यांनी कॅलक्युलेटर, कॅलेंडर, सिस्टम मॉनिटर, स्कॅनरचं अ‍ॅप अशी काही अ‍ॅप्स मुद्दाम मागच्या जीटीके ३च्या आवृत्तीवर नेली. कारण एकच. नवी आवृत्ती मिंटच्या घरात परकी दिसत होती. जगभर सॉफ्टवेअर पुढे जातं, आणि इथे एका चमूने ठरवून पाऊल मागे घेतलं. मला हा निर्णय धाडसी वाटतो, पण याला भविष्य किती, ही काळजीही वाटते. जुनं जीटीके ३ कायम पुरणार नाही.

आता ग्नोमवाल्यांची बाजू. २०१९ साली काही अ‍ॅप डेव्हलपरांनी एक जाहीर पत्र काढलं. आमच्या अ‍ॅप्सवर तुमच्या थीम चढवू नका, अशी त्यांनी वितरणांना विनंती केली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. जीटीकेची थीम म्हणजे सीएसएसची भलीमोठी फाइल. ती लिहिणाऱ्याने प्रत्येक अ‍ॅप तपासलेलं नसतं. मग कुठे पांढऱ्यावर पांढरं अक्षर येतं, कुठे आयकॉनचा अर्थच बदलतो, कुठे बटण दुसऱ्याखाली जातं. वापरकर्ता तक्रार करतो ती अ‍ॅप बनवणाऱ्याकडे. रात्री जागून फुकट काम करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या थीमचे रोग किती दिवस निस्तरायचे? शिवाय त्यांनी हेही म्हटलं होतं की एखाद्याने आपल्या घरात हौसेने थीम बदलली तर आमची हरकत नाही. हरकत आहे ती वितरणाने सरसकट सगळ्यांवर लादण्याला.

हे सगळं मला पटतं. पण हे आतल्या जागेबद्दल आहे. बटणाचा रंग, आयकॉन, मजकुराची मांडणी यावर डेव्हलपरचा हक्क मानायला मी एका पायावर तयार आहे. टायटल बारची जागा, फुलीचा आकार आणि कोपऱ्याची गोलाई त्या हक्कात कशी येते, ते मात्र कळत नाही. खिडकी बंद करणं, हलवणं, लहान-मोठी करणं ही अ‍ॅपची कामं नाहीतच.

हा मुद्दा माझ्यासाठी निव्वळ सौंदर्याचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात देणगीत मिळालेले सात जुने संगणक होते. टाकून द्यायचे की लिनक्स घालायचं, असा सवाल होता. आम्ही मिंट घातलं. स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला येणाऱ्या पोरापोरींना फारसा फरक पडला नाही. मोबाइलवर वाढलेली ही पिढी कुठलाही कोपरा दाबून पाहते. पण तिथे निवृत्त शिक्षक येतात, पेन्शनचे कागद घेऊन चाचा-मामू येतात, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या खाला येतात. ही माणसं पडदा वाचत नाहीत, पडदा ओळखतात. वरची पट्टी, तिच्या टोकाला फुली, पट्टी धरून खिडकी ओढायची. इंग्रजी जेमतेम असलेल्या माणसाला ही ठरलेली जागाच आधार असते.

कुणीतरी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फ्लॅटपॅकचं एक नवं अ‍ॅप घातलं. चारही कोपरे गोल, पट्टीत पाच बटणं, नाव नाही, मेनूच्या जागी तीन आडव्या रेघा. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर त्याच्यासमोर बराच वेळ बसून होते. शेवटी मला हाक मारून म्हणाले, “बेटा, या दुकानाला पाटीच नाही. आत शिरलो कुठे आणि निघायचं कुठून?” फुली समोरच होती. पण बाकीच्या सहा खिडक्यांत असते तशी ती नव्हती, म्हणून त्यांच्या लेखी ती नव्हतीच. खिडकी ओढताना त्यांचा माउस दर वेळी पट्टीतल्या एखाद्या बटणावर पडायचा आणि भलतंच काही उघडायचं.

सरांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ते फाइलींना उर्दूत नावं देतात आणि मजकूर मराठीत लिहितात. नस्तालीक अक्षरं तिरकी खाली उतरत येतात, त्यांना ओळीत उंची जास्त लागते. एका खिडकीच्या पट्टीत ते नाव खालून छाटलं जायचं, दुसरीत पट्टीच दुप्पट जाड व्हायची, तिसरीत नावच नव्हतं. पट्टी एकाच ठिकाणी रंगवली जात असती तर हा दोष एकाच ठिकाणी असता आणि एकदाच दुरुस्त झाला असता. इथे तो प्रत्येक टूलकिटकडे जाऊन वेगवेगळा सांगावा लागतो.

मराठी वापरकर्त्याला हा अनुभव नवा नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना आठवत असेल. ‘दुसऱ्या’ हा शब्द एका अ‍ॅपमध्ये नीट दिसायचा, दुसऱ्यात त्याचा अर्धा र सुटा पडायचा. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या मधेच घुसायची. फाँट तोच, पुण्यात ज्याचं काम झालं तो रेड हॅटचा लोहित. मग फरक कशाचा? अक्षरं जुळवण्याचं काम जो-तो आपापलं करत होता. जीटीकेचं वेगळं, क्यूटीचं वेगळं, ऑफिसचं आणखी वेगळं. पुढे हे काम हळूहळू ‘हार्फबझ’ नावाच्या एका सामाईक लायब्ररीकडे गेलं. तिचे मुख्य कर्ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. उर्दू शिकलेल्यांना नावाची फोड करून सांगायला नको: हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे उघडं. ‘ओपनटाइप’चं हे फारसी रूप आहे. लिबरऑफिसने लिनक्सवर २०१३च्या ४.१ आवृत्तीत हार्फबझ घेतलं. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, जीटीके, क्यूटी सगळे तेच वापरतात. ‘दुसऱ्या’ आता सगळीकडे सारखाच दिसतो, आणि त्यासाठी कुठल्याही अ‍ॅपची ओळख पुसली गेलेली नाही. अक्षरांच्या बाबतीत जे जमलं, ते चौकटीच्या बाबतीत जमू नये असं काही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

इतरांनी काय केलं? विंडोज ११ मध्ये कोपरे अ‍ॅप कापत नाही, सगळ्या खिडक्या रंगवणारा व्यवस्थापक कापतो. वीस वर्षांपूर्वीचं अ‍ॅपही त्यामुळे सहसा गोल दिसतं. खिडकी पूर्ण पडदाभर पसरली की कोपरे आपोआप चौकोनी होतात. एखाद्या अ‍ॅपला गोलाई नको असेल तर तसं सांगायची सोय आहे. ज्यांना आपण स्वातंत्र्याच्या गप्पांमध्ये नावं ठेवतो, त्यांनी हे काम नेमकं जागच्या जागी केलं आहे. अ‍ॅपलचा वारू मात्र उधळला. २०२५च्या मॅकओएस २६ मध्ये टूलबार असलेल्या खिडकीची गोलाई मोठी आणि नसलेलीची लहान, असा प्रकार त्यांनी ठरवून केला. लिनक्सला जे अपघाताने मिळालं, ते त्यांनी पैसे खर्चून मिळवलं.

केडीईने ऑक्टोबर २०२५च्या प्लाझ्मा ६.५ मध्ये खालचे कोपरेही गोल केले, आणि नको असतील तर बंद करायची सोय सेटिंगमध्ये ठेवली. हे त्यांना जमलं, कारण त्यांच्याकडे चौकट अजून विंडो मॅनेजरच चढवतो. वेलँडच्या जगात यासाठी ‘एक्सडीजी-डेकोरेशन’ नावाचा करार २०१८ पासून आहे. अ‍ॅप विचारतं, फ्रेम तू घालशील की मी आणू? केडीई आणि स्वे म्हणतात, आम्ही घालतो. ग्नोम या प्रश्नाला उत्तरच देत नाही. त्यामुळे खेळांपासून व्हिडिओ प्लेअरपर्यंत ज्यांना चौकटीशी काही देणंघेणं नाही, त्यांनाही ग्नोमसाठी ती स्वतः रंगवावी लागते किंवा ‘लिबडेकोर’सारखी आणखी एक लायब्ररी सोबत बाळगावी लागते.

यात एक खरी अडचण आहे. बाहेरून कोपरा कापला तर आतलं काहीतरी कापलं जातं. टर्मिनलच्या शेवटच्या ओळीतलं पहिलं अक्षर, स्टेटस बारचा कोपरा, स्क्रोलबारचं टोक. ग्नोमसाठी सगळ्या खिडक्या गोल करणारं एक लोकप्रिय एक्स्टेंशन आहे, त्यात म्हणूनच वगळायच्या अ‍ॅप्सची यादी ठेवावी लागते. पण यालाही उत्तर आहे, आणि ते खिशात आहे. फोनच्या काचेचेच कोपरे गोल असतात. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला विचारता येतं की या पडद्याची गोलाई किती आहे, आणि ते आपला मजकूर त्याप्रमाणे आत सरकवतं. डेस्कटॉपवर असंच करता येईल. कंपोझिटरने गोलाई ठरवावी, अ‍ॅपला आकडा कळवावा, ज्याला जमत नसेल त्याने ‘माझे कोपरे सोडा’ असं सांगावं. गडद रंगसंगतीबाबत हे झालेलंच आहे. ग्नोम ४२च्या सुमारास गडद हवं की उजळ, ही वापरकर्त्याची पसंती एका सामाईक पोर्टलमधून सगळ्यांना कळवायची असं ठरलं, आणि आज ग्नोम, केडीई, फायरफॉक्स सगळे ती पाळतात. एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडणारे लोकही एका छोट्या करारावर सही करू शकतात, याचा तो पुरावा आहे.

वाचनालयातलं ते फ्लॅटपॅक आम्ही काढून टाकलं आणि त्याच कामाचं साध्या टायटल बारचं अ‍ॅप घातलं. त्यात दोन सोयी कमी आहेत. सरांनी अजून त्या मागितलेल्या नाहीत. नस्तालीक नावं छाटली जाण्याची तक्रार मात्र आम्ही नोंदवतोय, पडद्याच्या चित्रांसह, प्रत्येक टूलकिटच्या दारात वेगळी. तुमच्याकडे मराठी किंवा उर्दू नावाची फाइल उघडल्यावर पट्टीत काही वेडंवाकडं दिसत असेल, तर त्याचं चित्र घ्या. डेस्कटॉपचं नाव, आवृत्ती आणि फाँट लिहा आणि तुम्हीही नोंदवा. इंग्रजी नाव असलेल्या फाइलवर हा दोष दिसत नाही, त्यामुळे तो बनवणाऱ्यांच्या नजरेला पडण्याची शक्यता फार कमी आहे.